बाटली उलटी धरणारे सर

गिऱ्हाइकानं पातळ औषध मागितलं की सर कपाटातून बाटली काढायचे, दाराच्या उजेडाकडे धरायचे, उलटी करायचे आणि बघत राहायचे. तळाची पांढरी पूड सुटते का, सुटली तर ढेकळासारखी सुटते की धुरासारखी, पाक बाटलीच्या अंगावरून किती सावकाश घसरतो, हे सगळं ते बघत असायचे. तेवढा वेळ बोलणं बंद. समोर बाप तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभा असला तरी बंद.

"सर, गिऱ्हाईक उभंय," मी म्हणायचे.

"पाक पण उभाय, ताई. खाली येऊ द्या त्याला."

कधी ती बाटली गिऱ्हाइकाला मिळायची. कधी सर ती गुपचूप बाजूला ठेवून दुसरी काढायचे. मी विचारायचे, "पहिलीला काय झालंय?"

"झालं आसंल कायतरी."

"म्हणजे खराब आहे?"

"तसं न्हाई म्हणता यायचं."

"मग चांगली आहे?"

"तसं बी न्हाई."

अशा माणसाबरोबर मी दुकान चालवलं. ह्याला चालवणं म्हणायचं का, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

माझं माहेर शिनोलीचं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात शिकायचं आणि नोकरीला लागायचं, एवढा एकच रस्ता. भाऊ त्या रस्त्यानं गेले. मी बारावीला अडखळले आणि घोडेगावच्या आठवडे बाजारात बांगड्या विकायला बसले. बाजारानं मला जे शिकवलं ते भावांना कॉलेजात मिळालं नाही. गिऱ्हाइकाचे डोळे कुठल्या बांगडीवर थांबले त्यावरून भाव किती ताणायचा हे मला कळायचं. पुढं लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले, एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहिले, आणि सगळं पाठ झाल्यावर स्वतःचं दुकान टाकलं. माझ्या पाठीशी कोणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ज्याच्या पाठीशी कोणी नसतं त्याचं नाव गेलं की सगळंच जातं.

मेडिकलला फार्मसी शिकलेला माणूस लागतो. पुष्कळ ठिकाणी त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि माणूस भलत्याच गावाला. भिंतीवरच्या कागदाला पगार द्यायचा आणि त्यानं दिवसभरात एक गोळीसुद्धा विकायची नाही, हे माझ्या डोक्याला पटेना. मला काउंटरवर उभा राहणारा माणूस हवा होता. जुन्नरला फार्मसी शिकलेले, औषध कंपनीतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत असं कळलं. बोलावलं, ते एसटीनं आले.

मी पगार मुद्दाम कमी सांगितला. ते चढवतील, मी रडेन, ते उठतील, मी बसवेन, अशी सगळी तयारी होती. सर "बरं" म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घासाघीस न करता जो हो म्हणतो त्यानं आपल्याला कुठंतरी गुंडाळलेलं असतं. कुठं, तेच कळेना. त्यांनी फक्त वर बघून विचारलं होतं, "पत्रा हाय का?"

"आहे."

"मग पातळ औषधं खालच्या फळीवर. गोळ्या वर. आन् मालाचा टेम्पो दुपारचा येत असंल तर सकाळचा बोलवा."

फळ्या मी बदलल्या. टेम्पो काही माझ्या हातात नव्हता. एजन्सीचा माणूस गावोगाव माल टाकत यायचा आणि चैत्र-वैशाखात सुद्धा भर दुपारी पोचायचा. सर बाहेर जाऊन टेम्पोत हात घालायचे आणि चुकचुकत परत यायचे. त्यांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला एक थर्मामीटर असायचा, शर्टाच्या आत, ताइतासारखा. तो ते वरच्या फळीवर टांगायचे, मग खालच्या, मग टेम्पोत. नवीन माणसाला वाटायचं हा कुठल्यातरी बाबाचा भक्त असावा.

कंपनीत ते काय करायचे हे मी एकदा विचारलं.

"बाटल्या म्हाताऱ्या करायचो," ते म्हणाले. "कपाटं असतात. एकात आपल्या जुन्नरचा उन्हाळा कोंडलेला, एकात त्याच्यापेक्षा वाईट. बाटली त्यात ठेवायची. बाहेर जे वर्षांनी झालं असतं ते आत महिन्यात व्हतं. काढायची, बघायची, पुन्हा ठेवायची. सगळी नोकरी त्यात गेली. म्हाताऱ्या करता करता मीच झालो."

पण ती नोकरी त्यांच्यातून गेली नव्हती. माणसं सुद्धा ते बाटल्यांसारखीच बघायचे. भांडकुदळ घरातलं कोणी दुकानात येऊन गेलं की म्हणायचे, "ह्या घराला ऊन लई लागलंय." एकदा मी आणि माझे मालक, म्हणजे नवरा, दुकानातच भांडलो. मी ओरडत होते, ते तोंड मिटून उभे होते. सर मध्येच म्हणाले, "ताई, तुमी तापला की पातळ व्हता. भाऊ तापले की घट्ट व्हतात. दोघं एका बाटलीत घातलीत, आता ओतायचं कसं?" मालक हसले. मला इतका राग आला की नेमकं कुणावर ओरडायचं तेच ठरेना.

माणसांबद्दल बोलले ते बोलले. पण बाटल्यांत खरंच असं असतं, हे त्यांनी मला दाखवलं, आणि तिथपासून माझा गोंधळ वाढला. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मागं चहाचा स्टोव्ह आहे, त्यावर त्यांनी पातेल्यात पाणी गरम केलं. एक हलवून घ्यायच्या औषधाची बाटली त्यात उभी केली आणि शेजारी एका छोट्या बरणीत स्वतः घरून कालवून आणलेला कसलातरी पातळ पाक ठेवला. थोड्या वेळानं दोन्ही काढून उलट्या केल्या. औषध पाण्यासारखं सरसर खाली आलं. तो पाक मात्र उकडीसारखा बसला होता, हलेना.

"दोन्ही एकाच पाण्यात होत्या ना?" मी विचारलं.

"एकाच."

"मग ऊन लागलं की पातळ होतं की घट्ट?"

"ज्याचं त्याच्यावर हाय. काय घालून दाट केलंय त्याच्यावर."

गार झाल्यावर पाक पुन्हा पातळ झाला आणि औषध पुन्हा दाट. म्हणजे जिथल्या तिथं. मी म्हटलं, "मग बिघडलं काय? झालं की पहिल्यासारखं."

"दिसतंय पहिल्यासारखं," सर म्हणाले. "गुऱ्हाळावरची काकवी आणता का नाय घरी? नवी असते तेव्हा एकजीव. उन्हाळा-हिवाळा खाऊन झाला की तळाला खडे. ह्याच्यात बी तेच. औषध ह्यात विरघळलेलं नस्तं, बारीक पूड होऊन नुसतं तरंगत असतं. ऊन लागलं की पाक पातळ व्हतो, त्याच्यात पूड धरून ठेवायचा जोर राहत न्हाई. ती खाली बसते. शिवाय बारीक कण जरासे विरघळतात, आन् गार झालं की मोठ्या कणांवर जाऊन बसतात. गरीब कमी व्हतात, श्रीमंत मोठे व्हतात. मग तळाला चिखल जमतो तो हलवून बी उठत न्हाई."

मी सरळ विचारलं, "माझ्या कपाटातल्या बाटल्या चांगल्या आहेत का वाईट?"

"ऊन लागलंय," ते म्हणाले, आणि बरणी धुवायला गेले.

हा असा माणूस. त्याचं काय चुकलं ते आता सांगते.

निमगाव सावाची मनीषा दर महिन्याला माझ्याकडे यायची. तिच्या मुलीला, ईश्वरीला, फिट यायच्या. औषध पातळच, हलवून घ्यायचं. ते मी खास तिच्यासाठी एजन्सीकडून मागवायचे. त्या उन्हाळ्यात तिच्या घरात काय चाललंय ते कोणालाच कळेना. नवी बाटली फोडली की पहिल्या दिवसांत मुलगी पडायची. बाटली संपत आली की फिट थांबायच्या, पण पोर झोकांड्या खायची, डोळे एका जागी ठरायचे नाहीत, जेवता जेवता झोपायची. डॉक्टरांनी औषध वाढवलं तर शेवटी झोकांड्या जास्त. कमी केलं तर सुरुवातीला फिट जास्त. ते रक्त तपासा म्हणाले, तर तपासणी एकदा एक सांगायची, एकदा दुसरं. मनीषाला त्या पोरीला एकटीला विहिरीकडे सोडायची भीती, शाळेत पाठवायची भीती. बाई वाळून गेली होती.

आणि एक दिवस तिची सासू बाटली घेऊन माझ्या पायरीवर उभी राहिली. दुकानात गर्दी होती.

"ह्यांची बाटली फोडली की पोरगी पडती," आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "संपत आली की दारू प्यायल्यासारखी चालती. काय इकता वं तुमी?"

"कंपनीचं सील असतं आजी. आम्ही इथं चुलीवर रटरट उकळत नाही."

"मंग पोरगी का पडती?"

मी सरांकडे वळले. "सर, सांगा ह्यांना. माल चांगला आहे ना?"

सरांनी तिच्या हातातली बाटली घेतली. उलटी धरली. सगळं दुकान त्या बाटलीकडे बघायला लागलं.

"सांगता येत न्हाई," सर म्हणाले. "आसंल बी आपल्याकडचं."

एका बाईनं हातातलं खोकल्याचं औषध काउंटरवर परत ठेवलं आणि "येते नंतर" म्हणून गेली. ती नंतर आली नाही. तिच्या वाडीतलं पण कोणी आलं नाही. लोक इतक्या लवकर कसे फिरले, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आणि मनात भलतंसलतं आलं. मी कोणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं. त्यात तेही होतं का नुसती बाटलीच होती, हे मला आजही उलगडलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी सरांना मागच्या बाजूला नेलं. "तुम्ही माझं मीठ खाता."

"खातो की. म्हणून गोड बोलू व्हय?" ते म्हणाले. वर आणखी, "त्यांच्या घरी जाऊन बघाया पायजे."

मला पण जायचंच होतं. दोष त्यांच्या घरात सापडला की त्याच पायरीवर, तेवढ्याच गर्दीत मी तो सांगणार होते. दुसऱ्या सकाळी मी गाडी काढली आणि सर मागं बसले.

कांद्याच्या चाळीशेजारी त्यांचं घर. ईश्वरी ओट्यावर बसली होती. चुणचुणीत पोरगी. सरांना बघितल्या बघितल्या म्हणाली, "तुमच्या गळ्यात काय आहे?" सरांनी थर्मामीटर काढून तिच्या हातात दिला. ती तो घेऊन उन्हात जायची, सावलीत यायची आणि आकडा ओरडून सांगायची. मनीषा दर वेळी दारातून डोकावून ती उभी आहे ना ते बघायची.

औषधाची वेळ झाली. आजीनं बंबातलं कढत पाणी तांब्यात काढलं आणि बाटली त्यात उभी केली.

"हे कशापायी, आजी?" सरांनी विचारलं.

"गार औषध पोरीच्या छातीत बसंल न्हाई का? रातभर गारठून बसलेलं असतंय. ऊन केलं की कसं लोण्यावानी मऊ होतं. चमच्यात सरसर उतरतं."

"रोज करता?"

"दोन टायम. माझ्या हातानं."

"आन् हलवता?"

मनीषा म्हणाली, "नाही सर. ऊन असताना हलवलं की फेस येतो. फेस पोटात गेला की पोरीला वारं धरतं."

मी उभीच राहिले. "झालं," मी म्हटलं. "ऐकलंत ना सर? दोन टायमाला उकळत्या पाण्यात, वर हलवायचं नाही. पूड तळाला आणि पोरीला वरचं नुसतं पाणी. महिन्याच्या शेवटी सगळं औषध एकदम. आणि बोंबाबोंब माझ्या दुकानासमोर."

मनीषा चौकटीला टेकली. आजी तांब्यातल्या बाटलीकडे बघत होती. मग सरांना म्हणाली, "म्हंजे मी केलं व्हय पोरीचं?"

सर तिच्याजवळ खाली बसले. "तुमचं बी आसंल, आजी. आमचं बी आसंल. आमचं दुकान पत्र्याचं. माल येतो भर उन्हात, टेम्पोत. तिथनंच तळ धरून आलं आसंल तर तुमी हलवून बी काय उपेग नव्हता."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. खरं म्हणून बोलले, का त्या म्हातारीचा चेहरा बघून? मला अजून माहीत नाही. खरं असेल तर माझ्यासमोर एकांतात बोलायचं होतं. दया असेल तर माझ्या दुकानाच्या जिवावर कशाला?

मग त्यांनी सगळं नीट लावून दिलं. बाटली ऊन करायची नाही. गार वाटत असेल तर चमचा ऊन पाण्यात बुडवायचा, पुसायचा आणि मग त्यात औषध घ्यायचं. आजीला ते पटलं, तिच्या हाताला काम राहिलं. बाटली उलटसुलट करून तळ मोकळा होईपर्यंत हलवायची, फेस बसू द्यायचा, मग ओतायचं. ही बाटली वापरायची नाही, आज नवीन आणायची. आणि आजच डॉक्टरांकडे जाऊन हे सगळं सांगायचं, औषध किती द्यायचं ते तेच ठरवतील. "नवी बाटली कुठून पण घ्या," ते म्हणाले. "गार कपाटातली बघून घ्या."

कुठून पण. माझ्यासमोर.

परत येताना मी बोरीच्या फाट्यावर गाडी उभी केली. "उतरा," म्हटलं.

सर उतरले. "बरं," म्हणाले. पगाराला म्हणाले होते तसंच. वर, "गाडी सावलीत लावत जा, सीट तापते."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी बोलावलं नाही. फार्मसीवाला माणूस नाही म्हणून मला शटर ओढावं लागलं, आणि नवीन माणूस मिळेपर्यंत लोकांना वाटलं, बाटलीचं प्रकरण अंगाशी आलं. एजन्सीवर पण मी तोंड सोडलं आणि त्या औषधाच्या उरलेल्या बाटल्या रागानं परत पाठवल्या. आता दुकानात जी मुलगी आहे ती बाटली सरळ धरते, सरळ देते. गिऱ्हाईक खोळंबत नाही.

ईश्वरीच्या फिट थांबल्या. झोकांड्या पण थांबल्या. मनीषा आता औषध नारायणगावहून आणते. एकदा बाजारात भेटली, माझा हात धरला आणि रडली. "तुम्ही आलात म्हणून कळलं, ताई," म्हणाली. मी म्हटलं, मग लोकांना सांग की माझा माल चांगला होता. ती गडबडली. "ते मला कसं कळणार?" म्हणाली.

खरंच, कसं कळणार. आजीचं पाणी त्या दिवशी थांबलं आणि माझी बाटलीही त्याच दिवशी थांबली.

शेवटी मी जुन्नरला गेले. सर ओट्यावर कसलीतरी बाटली उलटी धरून बसले होते. त्यांच्या बाईंनी मला चहा दिला. फाट्याचं सरांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

"सर, एक शब्द द्या," मी म्हटलं. "माल चांगला होता, एवढंच. चार लोकांत सांगा."

"न्हाई देता येत."

"बरं, अर्धा दोष माझा, अर्धा त्यांचा."

"अर्धा कशावरनं?"

"मग पाव. पाव मी घेते."

"ताई, ही काय मेथीची जुडी हाय का?"

"त्या मालातली एखादी बाटली तपासा."

"तुमी सगळ्या परत धाडल्या, आसं ऐकलं."

मग म्हटलं, "म्हणजे कळायला काही मार्गच नाही?"

"हाय की," सर म्हणाले. त्यांनी बाटली खाली ठेवली. "दोन गोष्टी एकदम बदलल्या म्हणून घोळ झाला. कंपनीत आमी एक परत पहिल्यासारखी करायचो आन् बघायचो. चैत्रातल्या टेम्पोतनं भर दुपारी आलेली बाटली घ्यायची, तुमच्या पत्र्याखाली ठेवायची. मग ईश्वरीला द्यायची. बंबाचं पाणी न लावता, चांगली हलवून. पोरगी पडली तर दोष तुमच्या मालात. न्हाई पडली तर तुमी सुटल्या." ते माझ्याकडे बघत राहिले. "बोलता का मनीषाशी? ती तुमचं ऐकंल."

मी त्या उत्तरासाठी इतके महिने जळत होते. एसटीत येताना मी काय काय द्यायला तयार आहे त्याची मनात यादी केली होती. थर्मामीटर घेऊन उन्हातून सावलीत पळणारी ती पोर त्या यादीत नव्हती.

"नको," मी म्हटलं.

"मग न्हाई कळायचं," सर म्हणाले, आणि आत तोंड करून बाईंना अजून एक कप चहा टाकायला सांगितलं. राग तसाच होता, गोंधळ तसाच होता. चहा आला, तो मी प्यायले.